सौर ऊर्जा, गायरान आणि ग्रामसभा : न्याय्य संक्रमणाचा प्रश्न

प्रस्तावना :
कोळशाकडून सौर व पवन ऊर्जेकडे होणारे संक्रमण पर्यावरणाच्या दृष्टीने अपरिहार्य आहे. तथापि त्याचा लाभ आणि भार कोणाच्या वाट्याला येतो, हा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. प्रस्तुत लेखात 'मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजने'च्या संदर्भात या प्रश्नाचा विचार केला आहे.

योजनेचे स्वरूप :
२०१७ मध्ये सुरू झालेल्या आणि २०२३ मध्ये विस्तारलेल्या या योजनेचा हेतू शेतकऱ्यांना दिवसा वीज देणे हा आहे. रात्री पिकाला पाणी देताना सर्पदंशाची भीती बाळगणाऱ्या शेतकऱ्यास या हेतूचे मोल सांगावे लागत नाही. २०२३ च्या धोरणानुसार खाजगी जमिनीस प्रतिहेक्टर वार्षिक १.२५ लाख रुपये भाडे व त्यात दरवर्षी ३ टक्के वाढ मिळते. ग्रामपंचायतीस वार्षिक ५ लाख याप्रमाणे तीन वर्षांत १५ लाख रुपयांची तरतूद आहे. शासकीय जमीन मात्र नाममात्र भाड्याने दिली जाते.

गायरानाचा प्रश्न :
या शासकीय जमिनीत गायरानेही येतात. एक मेगावॅट प्रकल्पास साधारणतः ४ ते ५ एकर जागा लागते. कागदोपत्री पड दिसणाऱ्या जागेस कुंपण पडले, की शेळ्यामेंढ्यांची चराई थांबते. जमीनमालकास भाडे मिळते, ग्रामपंचायतीस निधी मिळतो. परंतु ज्यांच्या नावे सातबारा नाही, अशा पशुपालक व भूमिहीन कुटुंबांना या तरतुदींतून थेट काहीच मिळत नाही. वस्तुतः सर्वाधिक झळ त्यांनाच बसते.

सहभागाचा अर्थ :
झालेला निर्णय ग्रामसभेत वाचून दाखविणे म्हणजे सहभाग नव्हे. जागा ठरण्यापूर्वी चराईवर अवलंबून असलेल्या कुटुंबांची नोंद व्हावी, पर्यायी चराईक्षेत्र निश्चित व्हावे आणि मिळालेल्या निधीतील काही भाग चारा व पाण्यासाठी राखून त्याचा हिशेब ग्रामसभेपुढे ठेवावा. शक्य तेथे छतांचा वापर करावा. सातारा जिल्ह्यातील मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातील पहिले सौरग्राम ठरले. घरांच्या छतावर वीज निर्माण झाली, तर तेवढ्यापुरती सामाईक जमिनीची गरज उरत नाही.

निष्कर्ष :
शेतकऱ्यास दिवसा वीज मिळणे हा न्यायच आहे. परंतु त्याची किंमत गावातील सर्वांत दुर्बल घटकाने मोजली, तर ते संक्रमण स्वच्छ असेल, न्याय्य असणार नाही. म्हणून ग्रामसभेची पूर्वसंमती ही औपचारिकता न राहता प्रकल्पाची पहिली अट असली पाहिजे.