एकवीस दिवस आणि पुढचे दोन महिने

आज आपण कोंबडीच्या पिल्लांविषयी बोलणार आहोत.

समजा, खुडूक कोंबडीखाली बारा अंडी ठेवली. नऊ पिल्ले निघाली. घरात आनंद झाला. दोन महिन्यांनी अंगणात मोजली तर तीनच उरली. मग आपण म्हणतो, "नशीब! घारीने नेली, काही रोगाने गेली." पण एक कोंबडी विकली की येणारा पैसा बहुतेक घरांत बाईच्या हातात राहतो. मुलांच्या वह्या, दवाखान्याचे भाडे, गटाचा हप्ता त्यातूनच निघतो. म्हणून मेलेली सहा पिल्ले नशिबावर सोडून चालणार नाही. ती का मेली, हे समजून घेऊ या.

अंडी निवडताना

पिल्लाची तब्येत अंड्यापासूनच ठरते. कळपात दहा कोंबड्यांमागे एक तरी धडधाकट कोंबडा हवा, नाहीतर अंडी फोल निघतात. तोच कोंबडा वर्षानुवर्षे ठेवला तर त्याच्याच लेकींशी जोड होऊन पिल्ले अशक्त निघू लागतात. म्हणून वर्षा-दोन वर्षांनी दुसऱ्या वस्तीतला कोंबडा आणावा, गटातल्या गटात अदलाबदल केली तरी चालते.

अंडे मध्यम आकाराचे, नेहमीच्या आकाराचे, बिनतड्याचे घ्यावे. ते धुऊ नये. अंड्यावर निसर्गाने एक पातळ थर दिलेला असतो, तो बारीक छिद्रांतून जंतू आत जाऊ देत नाही. धुतले की तो थर जातो. घाण लागली असेल तर कोरड्या फडक्याने हलकेच पुसावे, फार माखलेले अंडे खायला घ्यावे.

अंडी साठवताना टोकाची बाजू खाली, रुंद बाजू वर ठेवावी. रुंद बाजूला हवेची पोकळी असते. अंड्यावर पेन्सिलीने तारीख लिहावी आणि सात दिवसांपेक्षा जुने अंडे उबवायला ठेवू नये. मालेगावकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीसच्या वर जातो. तेव्हा अंड्यातला जीव कोंबडी बसण्याआधीच अर्धवट वाढू लागतो आणि मरतो. अशा दिवसांत तीन-चार दिवसांचीच अंडी घ्यावी आणि माठाशेजारी, गार जागी ठेवावी.

खुडूक कोंबडी बसवताना

आधी कोंबडीच्या पंखाखाली आणि शेपटीजवळ उवा-पिसा आहेत का ते पाहावे. त्या चावत असल्या तर कोंबडी अंड्यांवर स्थिर बसत नाही आणि पुढे पिल्लांचेही रक्त शोषले जाते. चार-पाच दिवस आधीपासून तिला कोरडी राख आणि माती असलेल्या खड्ड्यात लोळू द्यावे.

टोपलीत खाली थोडी माती, वर कोरडा पेंढा घालून मध्ये खोलगट करावे. देशी कोंबडीखाली दहा-बारा अंडी पुरे. जास्त ठेवली तर कडेची अंडी गार पडतात आणि सगळ्याच अंड्यांचे नुकसान होते. सगळी अंडी एकाच दिवशी, तीही रात्री ठेवावीत, म्हणजे कोंबडी बिथरत नाही. दाणा-पाणी जवळच असावे. दिवसातून एकदा ती उठते, खाते, विष्ठा टाकते आणि परत येते. तेवढ्या वेळाने अंडी बिघडत नाहीत.

सातव्या दिवशी रात्री अंधारात अंडे टॉर्चवर धरून पाहावे. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या तर पिल्लू वाढते आहे. अंडे नितळ दिसले तर ते फोल आहे. लाल कडे दिसले आणि शिरा नसल्या तर आतला जीव मेला आहे. फोल आणि मेलेली अंडी काढून टाकावीत, ती कुजून फुटली तर चांगल्या अंड्यांनाही जंतू लागतात.

ज्या गटांनी उबवणी यंत्र घेतले आहे, त्यांनी चार गोष्टी पाहाव्यात. पंखा असलेल्या यंत्रात उष्णता ३७.५ ते ३७.८ अंश सेल्सिअस हवी. पहिले अठरा दिवस ओलावा ५५ ते ६० टक्के, शेवटचे तीन दिवस ६५ ते ७० टक्के हवा. अंडी दिवसातून तीन ते पाच वेळा फिरवावी लागतात, नाहीतर गर्भ कवचाला चिकटतो. कोंबडी हे काम चोचीने स्वतःच करते. अठराव्या दिवसानंतर अंडी फिरवू नयेत आणि यंत्र सारखे उघडू नये. वीज गेली तर झाकण बंदच ठेवून वरून गोधडी घालावी, पण हवेची भोके बुजवू नयेत.

बाहेर येणाऱ्या पिल्लाला घाई नको

एकविसाव्या दिवसाच्या आसपास अंड्याला बारीक भोक पडते. भोक पडल्यापासून पिल्लू बाहेर येईपर्यंत कधी कधी चोवीस तास लागतात. मधल्या वेळात पिल्लू अगदी गप्प राहते. आपला जीव राहत नाही आणि आपण कवच सोलू लागतो. पण त्या वेळी पिल्लू आतला उरलेला बलक पोटात ओढून घेत असते आणि आतल्या पापुद्र्यातले रक्त अंगात घेत असते. आधीच सोलले तर रक्त वाहते, बेंबी उघडी राहते. चोवीस तास उलटूनही पिल्लू अडकलेले असेल आणि पापुद्रा वाळून अंगाला चिकटला असेल, तरच कोमट पाण्याने तो ओला करून अगदी थोडे कवच काढावे. रक्त दिसले की तिथेच थांबावे.

पोटातल्या बलकावर पिल्लू दोन दिवस सहज राहते. म्हणून निघाल्या निघाल्या दाणा कोंबू नये. आधी अंग सुकू द्यावे, मग पाणी दाखवावे. पहिल्या काही तासांत लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे गूळ घालून दिला तरी चालतो, नंतर साधे स्वच्छ पाणी. बशीत चार खडे टाकावेत, म्हणजे पिल्लू पाण्यात बुडत नाही.

ऊब: पिल्लाचे पहिले औषध

पहिल्या आठवड्यात पिल्लाला साधारण ३५ अंश ऊब लागते. पुढे दर आठवड्याला तीनेक अंशांनी ती कमी करावी. निफाडकडे थंडीत पारा पाच अंशांच्याही खाली उतरतो. तिथे आईविना ठेवलेली पिल्ले एका रात्रीत जातात आणि आपण रोग शोधत बसतो.

आई नसेल तर टोपलीत किंवा पत्र्याच्या गोल कड्यात तुसाची दोन इंच गादी करून वर बल्ब टांगावा. थर्मामीटर नसला तरी पिल्लेच सांगतात. सगळी बल्बखाली गोळा होऊन किरकिरत असतील तर थंडी वाजते आहे. दूर पळून चोच उघडून धापा टाकत असतील तर उष्णता जास्त झाली. सगळीकडे पसरून खात-पीत असतील तर ऊब बरोबर आहे. बल्ब तुसाला टेकणार नाही असा पक्का बांधावा, आग लागायला वेळ लागत नाही. कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवू नये, तिच्या धुराने पिल्ले आणि माणसेही गुदमरतात.

आजारी पिल्लू ओळखताना

पहिला नियम: आजारी पिल्लू लगेच वेगळ्या टोपलीत, उबेला ठेवावे. आधी निरोग्यांचे दाणा-पाणी करावे, मग आजाऱ्याचे, नंतर हात साबणाने धुवावेत.

पाय फाकलेले पिल्लू: दोन्ही पाय बाजूला पसरतात, उभे राहता येत नाही. गुळगुळीत कागदावर किंवा फरशीवर ठेवल्याने हे बरेचदा होते. पहिल्या दोन-तीन दिवसांतच उपाय केला तर पाय सुधारतात. दोन्ही पायांना मऊ चिकटपट्टी अशी लावावी की पाय उभे राहण्याइतके, साधारण एक इंच अंतरावर राहतील. पट्टी आवळू नये, रोज पाहावी, तीन-चार दिवसांनी काढावी. खाली गोणपाट अंथरावे.

गुदद्वार चिकटलेले पिल्लू: विष्ठा वाळून मागची वाट बंद होते आणि पिल्लू मरते. कोमट पाण्याच्या कापसाने ती भिजवून सोडवावी. ओढू नये, पिसे आणि कातडी निघते. अंग पुसून उबेला ठेवावे. बेंबी वेगळी आणि ही जागा वेगळी, बेंबीला हात लावू नये.

सुजलेली, ओली बेंबी आणि फुगलेले पोट: घाणेरडी अंडी किंवा ओली टोपली हे याचे मूळ. यातली बरीच पिल्ले वाचत नाहीत. पुढच्या खेपेला स्वच्छ अंडी आणि कोरडा पेंढा हाच खरा उपाय.

पांढरी हगवण: पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पिल्ले पंख पाडून बसतात, पांढरी चिकट विष्ठा टाकतात आणि एकामागून एक मरतात. यातला एक रोग आईकडून अंड्यातून येतो. ज्या कोंबडीची पिल्ले अशी वारंवार मरतात, तिची अंडी उबवायला ठेवू नयेत. डॉक्टरांना दाखवावे.

रक्ती हगवण: साधारण तिसऱ्या आठवड्यानंतर, विशेषतः इगतपुरी, त्र्यंबक, सुरगाण्याच्या पावसात. ओल्या तुसात या रोगाचे जंतू वाढतात. तूस रोज हलवावे, ओले झालेले काढून कोरडे घालावे, पाण्याचे भांडे विटेवर ठेवावे. पाण्यातून देण्याचे औषध पशुवैद्यकाकडून घ्यावे आणि सांगितलेले सगळे दिवस द्यावे.

मान वाकडी, पाय लुळे, हिरवी हगवण: हा राणीखेत, म्हणजे आपली मानमोडी. उत्तराखंडातल्या राणीखेत गावावरून हे नाव पडले. हा विषाणूचा रोग आहे, त्यावर औषध नाही. आला की सगळी वस्ती रिकामी करतो. पण लस आहे. मान मात्र जीवनसत्त्व कमी पडल्यानेही वाकडी होते, म्हणून एखाद-दुसऱ्या पिल्लावरून अंदाज बांधू नये, डॉक्टरांना विचारावे.

माणसाच्या गोळ्या चुरून पिल्लांना देऊ नयेत. अर्धवट मात्रेने जंतू मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात.

लस एकटीने जमत नाही, गटाने जमते

मानमोडीची पहिली लस, लासोटा, पाच ते सात दिवसांच्या पिल्लाच्या डोळ्यात किंवा नाकात एक थेंब टाकून देतात. साधारण चौथ्या आठवड्यात ती पुन्हा देतात आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास पंखाखाली कातडीत दुसरी लस टोचतात. देवीची लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात दिली जाते. नेमक्या तारखा पशुवैद्यक सांगतील. लस फक्त निरोगी पिल्लांनाच द्यावी.

अडचण अशी की लसीची एक कुपी शंभर किंवा त्याहून जास्त पक्ष्यांना पुरते. कुपी बर्फात, दोन ते आठ अंशांत आणावी लागते आणि मिसळल्यावर दोन तासांत संपवावी लागते. नऊ पिल्लांसाठी कोण एवढे करणार? म्हणूनच हे गटाचे काम आहे. दहा घरांनी कोंबड्या एकाच आठवड्यात बसवल्या तर पिल्लेही एकाच वयाची होतात. मग एका सकाळी, ऊन चढायच्या आत, पशुसखीला किंवा पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना बोलावून सगळ्या वस्तीचे लसीकरण उरकते. आपल्या घरी लस दिली आणि शेजारी दिली नाही तर रोग कुंपणाशीच राहतो.

घराबाहेरच्या चार गोष्टी

बाजारातून आणलेला पक्षी तीन आठवडे वेगळा ठेवावा. बुरशी लागलेला मका पिल्लांना घालू नये. नागली, बाजरी, मक्याची बारीक कणी द्यावी. पण नुसत्या धान्याने वाढ खुंटते, म्हणून वाळवी, उकडलेले अंडे किंवा पिल्लांचे तयार खाद्य जोडीला द्यावे. दिंडोरी-निफाडकडे द्राक्षबागेत फवारणी झाली की कोंबड्या आणि पिल्ले दोन-चार दिवस डालग्याखाली ठेवावीत. औषध चोळलेले बियाणे त्यांच्यासमोर सांडू देऊ नये.

मेलेला पक्षी नाल्यात टाकू नये, कुत्र्यांना घालू नये. खोल खड्ड्यात चुना घालून पुरावा. मरायला टेकलेली कोंबडी कापून खाऊ नये आणि बाजारात विकूही नये. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला, तेव्हा लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. एकाच वेळी बरेच पक्षी अचानक मेले तर हात न लावता लगेच पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे. १९६२ या टोल फ्री क्रमांकावरही फोन करता येतो.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीला एक वही करू या. तिच्यात पाच रकाने: अंडी ठेवल्याची तारीख, किती ठेवली, किती निघाली, दोन महिन्यांनी किती उरली, आणि गेलेली कशाने गेली. जिला लिहिता येत नाही तिने रेघा ओढाव्यात. तीन खेपांच्या नोंदी झाल्या की आपल्या वस्तीत पिल्ले थंडीने जातात, ओल्या तुसाने जातात की मानमोडीने, हे आपल्यालाच दिसेल. मग गटाचा पैसा बल्बवर घालायचा, छपरावर घालायचा की लसीवर, हे बैठकीत ठरवता येईल.