मुक्काम लोणंदला, सफर इतिहासाची

लोणंद - इटलीला जाणारे पर्यटक फ्लॉरेन्सला मुक्काम ठेवून पिसा, सिएना ही जवळची जुनी शहरे पाहतात. सातारा जिल्ह्यात अशी सोय लोणंदला आहे. पुणे-मिरज लोहमार्गावरील हे जंक्शन कांद्याच्या बाजारपेठेसाठी प्रसिद्ध. मात्र सहकुटुंब सहलीसाठी त्याचा विचार क्वचितच होतो.

पहिला दिवस सुमारे ३० किलोमीटरवरील फलटणसाठी ठेवावा. नाईक-निंबाळकरांच्या या राजधानीत श्रीराम मंदिर, राजवाडा आणि शिल्पांनी नटलेले जबरेश्वर मंदिर पाहता येते. शिवरायांच्या पत्नी सईबाई यांचे हे माहेर.

दुसऱ्या दिवशी पश्चिमेकडे निघावे. शिरवळजवळच्या नायगावात ३ जानेवारी १८३१ रोजी सावित्रीबाई फुले यांचा जन्म झाला. तेथून वाई गाठावी. ढोल्या गणपतीचे मंदिर गणपतराव रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधले. कृष्णेच्या पुराचे पाणी दुभंगावे, यासाठी त्याची मागील भिंत टोकदार आहे. जवळच मेणवलीत नाना फडणवीसांच्या वाड्यालगत घाटावर पोर्तुगीज घंटा आहे. १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर मराठ्यांनी आणलेल्या घंटांपैकी ती एक. पुस्तकात वाचलेल्या लढाईची खूण मुलांना येथे प्रत्यक्ष पाहता येते.

आषाढी वारीत माउलींची पालखी नीरास्नानानंतर लोणंदला मुक्कामी येते. त्या काळात वाहतुकीत बदल होतात. त्यामुळे सहलीची तारीख पाहूनच ठरवावी. परदेशातील पुरातन भिंतींना हात लावण्यास कचरणाऱ्यांनी येथील दगडांवरही नावे कोरू नयेत. हा ठेवा पुढच्या पिढीलाही पाहायचा आहे.