अणुवैद्यक तंत्रज्ञाचे प्रशिक्षण

किरणोत्सर्गी औषधे तयार करणे, त्यांची मात्रा मोजणे व रुग्णाच्या शरीरातून बाहेर पडणाऱ्या गॅमा किरणांपासून इंद्रियाची प्रतिमा मिळविणे, ही कामे करणाऱ्या व्यक्तीस अणुवैद्यक तंत्रज्ञ म्हणतात. क्ष-किरण चित्रात मुख्यत्वे इंद्रियाची रचना दिसते, तर या प्रतिमेवरून त्याचे कार्य कळते.

भारतातील या शिक्षणाचे एक आद्य केंद्र म्हणजे तुर्भे येथील अणुऊर्जा संस्थेने (१९६७ पासून भाभा अणुसंशोधन केंद्र) १९६३ मध्ये मुंबईत परळ येथे स्थापन केलेले किरणोत्सर्ग वैद्यक केंद्र होय. या व्यवसायासाठी विज्ञानाच्या पदवीनंतर पदविका वा पदव्युत्तर पदवी घेता येते. सावंतवाडीच्या श्री पंचम खेमराज महाविद्यालयासारख्या संस्थेत पदवी घेतलेल्या सिंधुदुर्गातील विद्यार्थ्यास त्यासाठी मुंबईसारख्या शहरी जावे लागते.

अभ्यासक्रमात भौतिकी, शरीरक्रियाविज्ञान, औषधनिर्मिती, उपकरणे व किरणोत्सर्गापासून संरक्षण हे विषय असतात. अर्धायुष्य (किरणोत्सर्ग निम्मा होण्यास लागणारा काळ) ही यातील मूलभूत संकल्पना. उदा., कर्करोगाच्या तपासणीत वापरल्या जाणाऱ्या फ्ल्युओरीन-१८ चे अर्धायुष्य ११० मिनिटे आहे. मुंबईहून सुमारे ५०० किमी. दूर असलेल्या मालवणला ते रस्त्याने १० तासांत नेले, तर जेमतेम २ टक्के किरणोत्सर्ग उरेल. मॉलिब्डेनम-९९ चे अर्धायुष्य मात्र ६६ तास असल्याने तेवढ्याच प्रवासात त्याचा सु. ९० टक्के भाग टिकतो. म्हणून ते शिशाने वेढलेल्या जनित्रातून दूरच्या रुग्णालयांस पाठवितात व त्यापासून उत्पन्न होणारे टेक्नेशियम-९९एम (अर्धायुष्य ६ तास) तंत्रज्ञ तेथेच लवणद्रावाने वेगळे काढतो. त्यात मॉलिब्डेनम उतरले नाही ना, हे तपासूनच ते वापरतात.

प्रात्यक्षिकात मात्रामापकाची व गॅमा कॅमेऱ्याची दैनंदिन चाचणी, रुग्णाची ओळख पटविणे आणि स्त्री-रुग्ण गर्भवती वा स्तनदा आहे काय याची चौकशी यांचा सराव करवितात. मात्रा चुकल्यास प्रतिमा निरुपयोगी ठरू शकते. रुग्णास पुन्हा किरणोत्सर्ग सोसावा लागतो आणि दुरून आलेल्यास पुन्हा प्रवासही करावा लागतो.

तंत्रज्ञाच्या स्वतःच्या संरक्षणाची तीन सूत्रे म्हणजे स्रोताजवळ कमी वेळ, स्रोतापासून अधिक अंतर व मध्ये पुरेसे आवरण. त्याच्या छातीवरील मापकबिल्ल्यावरून त्याला मिळालेल्या मात्रेची नोंद ठेवतात. अणुऊर्जा नियामक मंडळाच्या (स्थापना १९८३) नियमानुसार ही मात्रा सलग पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० व कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसीव्हर्टपेक्षा अधिक असता कामा नये.