झाड लावावे, पण कुठे?

पावसाळा आला, की वृक्षारोपणाचे समारंभ सुरू होतात. खड्डा खणला, रोप लावले, टाळ्या झाल्या. पण ती जागा झाडांना मानवणारी आहे का, हे सहसा कोणी विचारीत नाही. गंमत अशी, की नेमक्या याच प्रश्नातून एका नव्या शास्त्राचा जन्म झाला!

१९६० च्या सुमारास रॉजर टॉमलिन्सन हे भूगोलतज्ज्ञ कॅनडातील एका हवाई सर्वेक्षण कंपनीत होते. केनियात वनलागवडीसाठी जागा शोधण्याचे काम कंपनीकडे आले. अशा कामात माती, उतार, हवामान यांचे नकाशे निरनिराळे. ते हातांनी एकावर एक ठेवून ताडून पाहायचे, तर खर्च आवाक्याबाहेरचा! बेत बारगळला, पण हे काम गणकयंत्राकडून करून घ्यावे, या कल्पनेने टॉमलिन्सन यांना सोडले नाही. पुढे त्यांनी कॅनडा सरकारसाठी भौगोलिक माहिती प्रणाली उभारली.

युक्ती तशी घरगुतीच आहे. पाऊस, मातीची खोली, उतार, जमिनीचा सध्याचा वापर असे थर रचायचे, प्रत्येकाला गुण द्यायचे आणि बेरीज करायची. पत्रिका जुळवताना आपण छत्तीस गुण मोजतो ना, तसेच!

परंतु गुण जुळूनही संसार विस्कटतात. मेख असते ती नकाशातल्या एखाद्या शब्दात. २००० साली भारताच्या पडीक जमिनींचा ॲटलास निघाला. झुडपांचे माळही त्यात 'पडीक' ठरले. यंत्राला पडीक म्हणजे रिकामे, एवढेच कळते. त्या माळांवर धनगरांची मेंढरे चरतात, माळढोकासारखा दुर्मिळ पक्षी अंडी घालतो, हे त्या शब्दात कुठून येणार?

या बाबतीत साक्षीला आली ती चक्क मराठी भाषा. २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात पश्चिम महाराष्ट्रातील जुने ग्रंथ, ओव्या आणि लोककथा यांतील वनस्पतींचे उल्लेख तपासले गेले. निष्कर्ष असा, की येथे किमान साडेसातशे वर्षांपासून माळ आहेत; जंगलतोडीनंतर उरलेली ती ओसाडी नव्हे. मराठी शिकवणाऱ्या माणसाला याहून समाधान ते कोणते!

तेव्हा पुढच्या आषाढात रोप घेऊन निघालात, तर नकाशा अवश्य पाहा. पण गावातल्या एखाद्या आजोबांनाही विचारा, या जागेला काय म्हणतात? 'माळ' असे उत्तर आले, तर रोप ओढ्याकाठी न्या, झाडे तोडून उघड्या पडलेल्या डोंगरउतारावर न्या. गवताचे घर गवताला राहू द्या.