दिवाळीच्या आधीची दिवाळी

पुण्यात दिवाळी नेमकी केव्हा सुरू होते? पंचांग सांगते, वसुबारसेला, म्हणजे आश्विन वद्य द्वादशीला. लक्ष्मी रस्ता सांगतो, गणपती उठले की लगेच. या दोन उत्तरांमधले अंतर किती वाढले, ते मोजायला इंग्रजी तारखा मात्र उपयोगाच्या नाहीत. तिथींचे वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असते. त्यामुळे दिवाळी दरवर्षी तितकी अलीकडे सरकते आणि अधिक मास आला की पुन्हा पुढे जाते. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता, लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला आले. २०२४ मध्ये ते १ नोव्हेंबरला होते, २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला. म्हणून मोजायचे ते लक्ष्मीपूजनापासून मागे.

फ्लिपकार्टची पहिली ‘बिग बिलियन डे’ विक्री ६ ऑक्टोबर २०१४ रोजी झाली. त्या वर्षी दसरा ३ ऑक्टोबरला होता आणि लक्ष्मीपूजन २३ ला. म्हणजे सोने लुटून झाल्यावर, लक्ष्मीपूजनाच्या १७ दिवस आधी. पुढे ही विक्री आठवडाभराची झाली आणि मागेही सरकत गेली. २०२२ मध्ये ती २३ सप्टेंबरला सुरू झाली, लक्ष्मीपूजनाच्या ३१ दिवस आधी. २०२३ मध्ये ८ ऑक्टोबरला आणि २०२४ मध्ये २७ सप्टेंबरला, दोन्ही वेळा ३५ दिवस आधी. या तिन्ही वर्षी विक्री सुरू झाली तेव्हा पितृपक्ष चालू होता. ज्या पंधरवड्यात पुणेकर सोने घेत नसे, गाडीची नोंदणी पुढे ढकलत असे, नवे कापड बेततही नसे, त्याच पंधरवड्यात सणाच्या खरेदीचा नारळ फुटू लागला. २०२५ मध्ये तारीख घटस्थापनेच्या दुसऱ्या दिवशी, २३ सप्टेंबरला आली. तरीही दसरा नऊ दिवस लांबच होता.

असे का झाले, याचे एक कारण पगाराच्या पाकिटात सापडते. १९६५ च्या बोनस कायद्याने हिशेबाचे वर्ष संपल्यापासून आठ महिन्यांत बोनस देणे बंधनकारक केले. वर्ष मार्चअखेर संपले की मुदत नोव्हेंबरअखेरपर्यंत येते आणि दिवाळी तिच्या आत पडते. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत बोनस झाला की पुण्याच्या पेठांत गर्दी उसळायची. हातात पैसा आल्याशिवाय कापडाच्या दुकानाची पायरी चढायची नाही, हा मध्यमवर्गीय घरांचा रिवाज होता. क्रेडिट कार्ड आणि बिनव्याजी हप्त्यांनी ती अट काढून टाकली. बोनस यायच्या आधीच तो खर्ची पडतो. खरेदीला पैशाची वाट पाहावी लागत नाही, म्हणून दुकानालाही सणाची वाट पाहावी लागत नाही.

मात्र लवकर सुरुवात करणे हेच वाईट, असे म्हणता येणार नाही. दिवाळीची तयारी कायमच लवकर सुरू होत आली आहे. ‘मनोरंजन’कार काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली काढलेल्या अंकापासून दिवाळी अंकांची परंपरा रुजली. असा अंक दिवाळीत हाती यायचा, तर लेखकांकडे तगादा पावसाळ्यातच लावावा लागतो. परदेशातल्या लेकीसुनांच्या फराळाची खोकीही दिवाळीच्या कितीतरी आधी बांधावी लागतात.

अनारशांचे पाहा. तांदूळ तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचे. चौथ्या दिवशी निथळून फडक्यावर पसरायचे आणि ओलसर असतानाच दळून चाळायचे. त्यात किसलेला गूळ मळून गोळे डब्यात भरायचे आणि चारपाच दिवस मुरू द्यायचे. मग खसखशीवर थापून, खसखशीची बाजू वर ठेवून मंद तुपात सोडायचे. पीठ नीट मुरले नसेल तर अनारसा तुपात हसतो, म्हणजे विरघळून पसरतो. या कामात घाई चालत नाही. घरोघरी ऑर्डरीचा फराळ करणाऱ्या बायकांना हे वेळापत्रक पाठ असते. मुलांच्या किल्ल्याचेही तसेच. माती चाळून बुरूज रचायचे, अळीव किंवा मोहरी पेरायची, ती उगवून हिरवळ दिसायला पाचसहा दिवस द्यायचे. कुंभारवाड्यातून शिवाजी महाराज आणि मावळे आणायचे ते त्यानंतर.

या लवकर सुरू होण्यात आणि बाजाराच्या लवकर सुरू होण्यात मूलभूत फरक आहे. अनारशाचे पीठ मुरत असताना घरात दिवाळी आलेली नसते, ती येणार असते. बाजार मात्र पहिल्याच दिवशी सण आल्याचे जाहीर करतो आणि वाट पाहणेच संपवतो.

हे फक्त हिंदू सणांपुरते नाही. आकाशकंदील उतरले की कॅम्पातल्या महात्मा गांधी रस्त्यावर नाताळचे तारे लटकू लागतात. प्रत्यक्षात चर्चच्या दिनदर्शिकेत नाताळाआधीचे चार रविवार आगमनकाळाचे असतात. २०२५ मध्ये तो ३० नोव्हेंबरला सुरू झाला. हा काळ जल्लोषाचा नाही, आत्मपरीक्षणाचा आणि प्रतीक्षेचा आहे. गुरुवार पेठेतल्या पवित्र नाम देवालयाच्या परिसरातल्या मराठी ख्रिस्ती घरांत तेव्हा करंज्या, चकल्या, शंकरपाळ्यांची तयारी चालते. फराळ तोच, सण वेगळा, आणि वाट पाहण्याची रीतही तशीच.

आपल्या कालगणनेने सणांइतकेच सणांमधले विरामही जपून ठेवले होते. गणपतीनंतर पितरांचा पंधरवडा यायचा, नाताळाआधी आगमनकाळ. त्या दिवसांत घर गेलेल्या माणसांची आठवण काढायचे, खर्चाचा मेळ बसवायचे, थोडे थांबायचे. हंगाम मागे सरकतो तेव्हा पहिला बळी या विरामांचा जातो. दुसरा त्या माणसांच्या विश्रांतीचा, जी काउंटरमागे उभी असतात आणि पाठीवर खोकी घेऊन जिने चढतात. त्यांच्या वाट्याला पाच दिवसांचा सण येण्याआधी पाच आठवड्यांची धावपळ येते.

यावर उपाय ग्राहकाच्या हातात आहे आणि तो अवघड नाही. फराळ करणाऱ्या बाईला ऑर्डर लवकर द्यावी, कारण तिच्या पिठाला वेळ हवा असतो. कुंभाराकडचे मावळे आधी सांगून ठेवावेत. दिवाळी अंकाची वर्गणी लवकर भरावी, कारण छपाईचा कागद आधी घ्यावा लागतो. पितृपक्षात मात्र सवलतीच्या आमिषाने खरेदी करू नये. ती वसुबारसेपर्यंत थांबू शकते. ज्या कामाला वेळ लागतो त्याला तो द्यायचा आणि ज्या सणाची तिथी ठरलेली आहे त्याला त्या तिथीलाच येऊ द्यायचे, एवढे पुण्यातल्या घरांनी ठरवले, तर दुकानांना आपला हंगाम पुन्हा पंचांगाकडे बघूनच आखावा लागेल.