लाइट लागतो, म्हणून वायर चांगली?

अकोल्याची जठारपेठ असो की अमरावतीचं साईनगर, नेट रेंगाळू लागलं की घरी आलेला नेटवाला आधी राउटरमागे वाकून बघतो. हिरवा दिवा लुकलुकत असतो. मग निकाल ठरलेला: "लाइट तं लागून राह्यला न भाऊ, मंग वायर खराब कशी राहीन?" तिथून दोष जातो राउटरकडे, राउटर बदलून झाला की कंपनीकडे, आणि शेवटी वैतागलेला ग्राहक शंभर मेगाबिटचा प्लॅन सोडून तीनशेचा घेतो. एवढा खर्च करूनही स्पीड टेस्टचा काटा ९४ च्या पुढे सरकत नाही.

खरं तर तो ९४ चा आकडाच चोर दाखवत असतो.

लॅनच्या वायरीत आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या. आयईईई या संस्थेने १९९५ मध्ये प्रमाणित केलेलं १०० मेगाबिटचं इथरनेट त्यांतल्या दोनच जोड्या वापरतं. कनेक्टरमधल्या १, २, ३ आणि ६ क्रमांकांच्या पिना. १९९९ मध्ये आलेल्या गिगाबिटला मात्र चारही जोड्या लागतात. गंमत अशी, की किती वेगाने बोलायचं हे दोन्हीकडची उपकरणं ठरवतात ते त्या जुन्या दोन जोड्यांवरूनच. त्यामुळे निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एखादी तार तुटलेली असेल, तर बहुतेक उपकरणं गिगाबिटचा प्रयत्न करतात, तो फसला की मुकाट्याने १०० वर उतरतात. दिवा चालू, नेट चालू, तक्रारीला जागा नाही. शंभरातून डेटासोबत जाणारी पत्त्यांची माहिती वजा केली की हाती ९४-९५ उरतात. दिव्याला दोष देण्यात अर्थ नाही. दोन उपकरणांची ओळख पटली, एवढंच तो सांगतो.

तपासायला कोणाची वाट बघायची गरज नाही. लॅपटॉप भिंतीतून आलेल्या वायरीने जोडावा. विंडोज ११ च्या सेटिंग्जमध्ये नेटवर्कखाली 'इथरनेट' उघडलं की 'लिंक स्पीड' दिसतो. तिथे १०००/१००० हवं. १००/१०० असेल तर बाजारातली तयार, छोटी वायर घेऊन लॅपटॉप थेट राउटरला लावून बघावा. आता हजार दिसले तर भिंतीतली वायर दोषी. तरीही शंभरच असतील तर राउटरचं किंवा लॅपटॉपचं पोर्टच शंभराचं असू शकतं, मग वायरीवर राग काढू नये. वायर दोषी ठरली तरी लगेच भिंत फोडायला धावायचं कारण नाही. पुष्कळदा घोळ टोकांशी असतो आणि दोन्हीकडचे कनेक्टर कापून नवे बसवले की काम भागतं.

नवे बसवताना मात्र दुसरा गैरसमज आडवा येतो: "दोन्ही टोकाले रंग सारखे असले का झालं." नाही झालं! या तारा पिळलेल्या असतात त्या शोभेसाठी नव्हेत. जोडीतल्या दोन्ही तारांवर बाहेरचा गोंगाट सारखाच पडावा आणि वजाबाकीत निघून जावा, म्हणून तो पीळ असतो. टेलिफोन शोधणाऱ्या अलेक्झांडर ग्रॅहम बेलने १८८१ मध्येच त्याचं पेटंट घेतलं होतं. ३ आणि ६ या पिनांवर एकाच जोडीच्या तारा यायला हव्यात. रंग ओळीने लावत गेलं तर तिथे दोन वेगळ्या जोड्यांच्या तारा येतात, पीळ निरुपयोगी ठरतो आणि एका जोडीचा आवाज दुसरीत मिसळतो. स्वस्त टेस्टरचे आठही दिवे तरीही क्रमाने लागतात, कारण त्याला फक्त तार अखंड आहे की नाही एवढंच कळतं. प्रमाणित क्रम सोपा आहे: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. पीळ टोकाशी सुमारे १३ मिलिमीटरहून जास्त उलगडू नये.

'वायर सारी सारखीच' हे दुकानातलं वाक्य तर सोडूनच द्यावं. स्वस्त खोक्यांतल्या बऱ्याच वायरींत तांब्याचा फक्त मुलामा असतो, आत ॲल्युमिनियम. त्याची वीज वाहून नेण्याची क्षमता तांब्याच्या जेमतेम ६१ टक्के. शिवाय दोन-चारदा वाकवलं की तार तुटते. टीआयए या संस्थेच्या केबल मानकांत अशी तार बसतच नाही, मग खोक्यावर 'कॅट ६' छापलेलं असो की आणखी काही. ओळख सोपी आहे: तार ब्लेडने खरवडली की आत चंदेरी दिसते. वायरीतूनच वीज घेणारा सीसीटीव्ही कॅमेरा दिवसा नीट चालतो आणि रात्री त्याचे इन्फ्रारेड दिवे लागले की बंद पडतो, तेव्हा पहिला संशय याच तारेवर घ्यावा.

आता वऱ्हाडातलं ऊन. अकोल्यात मे २०२४ मध्ये पारा ४५ च्या पुढे गेला आणि जिल्हाधिकाऱ्यांना उष्णतेमुळे कलम १४४ लावावं लागलं. अशा दिवसांत गच्चीवरून आलेल्या वायरीमुळे नेट मंदावतं, ही समजूत अर्धी खरी आहे. टीआयएच्या मानकानुसार २० अंशांच्या वर दर अंशाला सिग्नलची गळती ०.४ टक्क्याने वाढते, ४० च्या वर ०.६ टक्क्याने. म्हणजे तापलेल्या स्लॅबवर वायर ६० अंशांना पोचली तर गळती २० टक्के जास्त. शंभर मीटरची मर्यादा गाठत आलेल्या वायरीला हे जड जातं. घरातल्या २५ मीटरला काहीच होत नाही. तिथे खरा घात करतं ते उन्हाने तडकलेलं आवरण आणि त्यातून आत शिरणारं पावसाचं, नाहीतर कूलरचं पाणी. गच्चीसाठी काळ्या पॉलिथिन आवरणाची बाहेरची वायरच हवी.

बाकीचे गैरसमज किरकोळ. कॅट ८ ने घरचं नेट वाढत नाही. ती डेटा सेंटरमधल्या ३० मीटरपर्यंतच्या जोडणीसाठी आहे. गिगाबिटला चांगली कॅट ५ई पुरते. सोनेरी मुलाम्याने वेग वाढत नाही. स्पाइक गार्ड लावला म्हणून वीज कडाडताना राउटर वाचेलच असं नाही. गच्चीवरच्या तांब्याच्या लॅन वायरीतूनही झटका आत येतो, फायबरच्या काचेतून येत नाही.

आणि ज्यांच्या घराचं बांधकाम चालू आहे त्यांनी इलेक्ट्रिशियनला आत्ताच बजावावं: लॅनची वायर २३० व्होल्टच्या तारांसोबत एका पाइपात घालायची नाही. प्रश्न नेटच्या वेगाचा कमी आणि जिवाचा जास्त आहे. वेगळा पाइप टाकून घ्या, आणि प्लॅस्टर होण्याआधी प्रत्येक वायरीवर १००० दिसतात का ते समोर उभं राहून बघा.