काटा थंड, इंजिन गरम

उमरगा हे सोलापूर–हैदराबाद महामार्गावरील गाव. येथील व्यापाऱ्याची खरेदी, वसुली, लग्नकार्ये, सारे या रस्त्यानेच होते. गाडी आता चैनीची वस्तू राहिली नसून दुकानातील तराजूइतकी गरजेची झाली आहे. म्हणून तिच्यातील एका अंगठ्याएवढ्या भागाविषयी थोडे लिहावे असे वाटते.

गेल्या वैशाखात सोलापूरहून सहकुटुंब परतत असता नळदुर्गच्या अलीकडे वाहतूक खोळंबली. काही मिनिटांतच बॉनेटमधून वाफ येऊ लागली. नवल असे, की तापमानाचा काटा मात्र तळाशीच होता. मागे सहा वर्षांची नात बसली होती. इंजिन बंद करून सर्वांना खाली उतरविले आणि मी उतावीळपणे रेडिएटरचे झाकण उघडावयास निघालो. शेजारच्या ट्रकचालकाने माझा हात धरला, म्हणून दाबाखालील उकळते कूलंट तोंडावर उसळण्याचे टळले.

त्याआधी महिनाभर गाडी काळसर धूर सोडीत होती आणि पेट्रोलही अधिक पीत होती. शहरातील एका कार्यशाळेने पंख्याची मोटर व इंजेक्टर बदलण्यास २८ हजारांचा अंदाज दिला. गावातील तरुण मिस्त्री मात्र म्हणाला, "काका, आधी सेन्सर तपासू. पैसे नंतर घालू."

कूलंटचे तापमान मोजणारा हा सेन्सर म्हणजे एक विद्युतरोधक. पाणी तापेल तसा त्याचा रोध घटतो. सर्वसाधारणपणे २० अंश सेल्सिअसला तो सुमारे २५०० ओहम, तर ८० अंशांना सुमारे ३०० ओहम असतो. नेमके आकडे गाडीगणिक बदलतात, ते दुरुस्ती-पुस्तिकेत पाहावेत. याच मापावरून गाडीतील संगणक पेट्रोलचे प्रमाण ठरवितो आणि पंखा केव्हा चालवावा याचा आदेश देतो. बऱ्याच गाड्यांत काटाही याच मापावर हलतो.

तपासणी सोपी निघाली. इंजिन पूर्ण थंड असता मिस्त्रीने सेन्सरचा जोड काढला आणि किल्ली फिरविली. संगणकाने सुरक्षिततेसाठी पंखा लगेच चालू केला. म्हणजे मोटर निर्दोष होती. सुटलेल्या जोडाच्या दोन टोकांत मल्टिमीटरने ५ व्होल्ट दाखविले. म्हणजे तारा ठीक होत्या. मग किल्ली बंद करून, खाली परात ठेवून त्याने सेन्सर काढला. पाण्याच्या पातेल्यात त्याचे फक्त टोक बुडेल, पण तळाला टेकणार नाही, असा तो टांगला. शेजारी तापमापक ठेवला आणि शेगडी पेटविली. गार पाण्यात सुमारे २००० ओहम दिसले, ते योग्यच होते. पण पाणी ८० अंशांवर गेले तरी आकडा १६०० च्या खाली उतरेना. इंजिन उकळत असता हा सेन्सर संगणकाला ते जेमतेम कोमट असल्याचे सांगत होता. म्हणून पेट्रोल जास्त जात होते, पंखा फिरत नव्हता आणि काटाही निश्चिंत होता.

नवा सेन्सर काही शेकड्यांत मिळाला. बसविताना नवा वायसर घातला, कूलंट भरले आणि आतील हवा काढून टाकली. हवेचा बुडबुडा राहिल्यास नवा सेन्सरही चुकीचे माप देतो. परातीतील कूलंट मिस्त्रीने बंद डब्यात भरले. त्यातील ग्लायकॉल चवीला गोडसर पण विषारी असते. उघड्यावर ओतल्यास कुत्री-मांजरे ते चाटतात आणि दगावतात. मुक्या जिवांसाठी एवढी काळजी प्रत्येकाने घ्यावी.

बँकेत कर्जप्रकरणे पाहताना आम्ही केवळ मालसाठ्याच्या विवरणपत्रावर विसंबत नसू. गोदामात जाऊन पोती मोजत असू. गाडीचा काटा हेही एक विवरणपत्रच आहे. पेट्रोल अकारण वाढले, धूर काळा झाला, किंवा दीर्घ प्रवासानंतरही काटा हलला नाही, तर मोठ्या खर्चास संमती देण्यापूर्वी एवढेच विचारावे: "सेन्सर मोजून पाहिला का?"